निरोप हरवतो तेव्हां

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्कली या गांवीं कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे आणि त्याच्या लगतच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. दोहोंमधील अंतर अवघें ४०० यार्ड. धडधाकट माणसानें पांच-सात मिनिटांत चालून जावें एवढेंच. १९८६ च्या ऑक्टोबर महिन्यांत या दोन ठिकाणच्या संगणकांमधील संवाद एकाएकीं जवळजवळ खुंटला. एरव्हीं दर सेकंदास ३२,००० बिट, म्हणजे सुमारें ४,००० रोमन अक्षरें, इतक्या वेगानें जाणारा मजकूर ४० बिटांवर, म्हणजे पांच अक्षरांवर, येऊन ठेपला. दोन हजार अक्षरांचें जें पान अर्ध्या सेकंदांत पोंचावयाचें, त्याला पावणेसात मिनिटें लागूं लागलीं. तार तुटली नव्हती, यंत्र मोडलें नव्हतें, कोणीं घातपातही केला नव्हता. प्रत्येक संगणक आपणाला नेमून दिलेलें काम इमानानें करीत होता. आणि अनर्थाचें मूळ नेमकें त्या इमानांतच होतें.

या घटनेच्या पोटांत जो प्रश्न दडला होता तो केवळ संगणकापुरता नाहीं. पुष्कळ माणसें आहेत. त्यांच्यांत वांटून घ्यावयाची वस्तु मर्यादित आहे. सगळ्यांचें सगळें कोणा एकाला दिसत नाहीं. जो तो आपल्या शेजाऱ्याशीं काय तें बोलूं शकतो, आणि तो निरोपही कधीं उशिरां पोंचतो, कधीं मुळींच पोंचत नाहीं. अशा स्थितींत सर्वांच्या हिताची उत्तम वांटणी घडवून आणतां येईल काय? गणितज्ञ या विषयाला विकेंद्रित इष्टतमीकरण असें नांव देतात. नांव अवघड आहे. अर्थ इतकाच कीं, मध्यवर्ती अधिकारी नसतां अनेकांनीं मिळून सर्वांत चांगलें उत्तर शोधून काढणें. आज घराघरांतून जें इंटरनेट चालतें त्याचा रोजचा व्यवहार या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

जुन्या टेलिफोनच्या व्यवस्थेंत दोघांचें बोलणें चालू असेपर्यंत तारेची एक वाट त्यांच्यासाठीं राखून ठेवलेली असे. इंटरनेटची तऱ्हा टपालाची आहे. पाठवावयाचा मजकूर, मग तें पत्र असो, छायाचित्र असो कीं गाणें असो, लहान लहान तुकड्यांत कापला जातो. प्रत्येक तुकड्यावर पत्ता व अनुक्रमांक घातला जातो. या तुकड्याला पॅकेट, म्हणजेच पाकीट, म्हणतात. वाटेंत ठिकठिकाणीं राउटर नांवाचीं यंत्रें असतात. तीं या वाहतुकीचीं नाकीं होत. नाक्यावर आलेलें पाकीट रांगेंत उभें राहतें आणि पाळी आली म्हणजे पुढच्या तारेवर सोडलें जातें. रांगेची जागा ठराविक असते. ती भरली कीं नंतर आलेलें पाकीट सरळ टाकून दिलें जातें. त्याबद्दल पाठविणाराला कांहीं कळविलें जात नाहीं. पाकीट सुखरूप पोंचलें तर मात्र घेणारा त्याची पोंच पाठवितो. अपेक्षित वेळांत पोंच आली नाहीं, तर पाठविणारा समजतो कीं पाकीट हरवलें, आणि त्याची दुसरी प्रत धाडतो. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनीं १९७४ मध्यें या व्यवस्थेची मांडणी प्रसिद्ध केली. १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यानें ती अंगीकारली. पोंच पाहणें आणि हरवलेलें पुन्हां पाठविणें हें काम तिच्या ज्या अंगाकडे आहे त्याला टीसीपी म्हणतात.

ही दुसरी प्रत धाडण्याची तत्परताच घातक ठरली. नाक्यावर गर्दी झाली म्हणजे पोंच उशिरां येते. अधीर पाठविणारा पाकीट हरवलें असें धरून चालतो व दुसरी प्रत पाठवितो. वस्तुतः पहिली प्रत रांगेंत उभीच असते. आतां रांगेंत एका मजकुराच्या दोन प्रती झाल्या, गर्दी वाढली, पोंच आणखी लांबली, तिसरी प्रत निघाली. अखेर तारा तुडुंब भरल्या, पण त्यांवरून जें वाहत होतें त्यांत बहुतांशीं त्याच त्या मजकुराच्या प्रती होत्या. जॉन नेगल या अभियंत्यानें जानेवारी १९८४ मध्येंच या धोक्याची लेखी सूचना देऊन ठेवली होती. अरुंद दरवाजाशीं गर्दी झाली असतां जो तो अधिक जोरानें रेटूं लागावा आणि त्यामुळें कोणालाच बाहेर पडतां येऊं नये, तसा हा प्रकार. रेटणारा प्रत्येकजण आपल्यापुरता शहाणाच असतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे एक मुख्य अधिकारी नेमणें. कोणाला किती पाठवावयाचें आहे, कोणत्या तारेवर किती जागा आहे, हें सर्व त्याला कळवावें. त्यानें हिशेब करावा आणि प्रत्येकाचा वांटा ठरवून द्यावा. कागदावर हें सोपें दिसतें. परंतु त्याच्याकडे जाणाऱ्या खबरा आणि त्याच्याकडून येणारे हुकूम त्याच भरलेल्या तारांवरून जाणार. खबर पोंचेपर्यंत कांहीं संवाद संपलेले असतील, कांहीं नवे सुरू झालेले असतील; हुकूम होईल तो मागच्या परिस्थितीवर. शिवाय तो अधिकारीच बंद पडला तर सारें जाळें आंधळें होईल.

सर्वांनीं आधीं आपसांत पक्कें ठरवावें आणि मगच वागावें, हा दुसरा उपाय. तोही साधत नाहीं, आणि कां साधत नाहीं हें १९७५ मध्यें संगणकशास्त्रज्ञांनीं एका लहानशा कोड्याच्या रूपानें दाखविलें. तें पुढें दोन सेनापतींचें कोडें म्हणून प्रसिद्धीस आलें. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन सेना आहेत. मधल्या खोऱ्यांत शत्रु आहे. दोघींनीं एकाच वेळीं हल्ला केला तर जय. एकीनेंच केला तर नाश. निरोप्याला खोऱ्यांतूनच जावें लागतें आणि तो पकडला जाण्याचा संभव आहे. पहिला सेनापति पहाटेची वेळ कळवितो. पण निरोप पोंचला कीं नाहीं हें त्याला ठाऊक नाहीं. दुसरा पोंच पाठवितो. ती मिळाली कीं नाहीं हें दुसऱ्याला ठाऊक नाहीं. मग पोंचेची पोंच, आणि तिचीही पोंच. याला अंत नाहीं. समजा, कांहीं निरोपांनंतर दोघांचा बेत पक्का झाला. त्यांतील शेवटचा निरोप वाटेंत हरवला असता, तरीही तो धाडणाऱ्यानें हल्ला केलाच असता. कारण तो पोंचला कीं हरवला हें त्याला कळावयास मार्गच नाहीं. मग घेणाऱ्यालाही त्या निरोपावांचून हल्ला करावाच लागेल, नाहीं तर नाश ठरलेला. म्हणजे तो निरोप अनावश्यक होता. तो वगळला कीं त्याच्या आधीचा शेवटचा होतो, आणि त्यालाही हाच न्याय लागू पडतो. असें करतां करतां एकही निरोप उरत नाहीं. आणि निरोपावांचून तर बेत ठरणें शक्यच नाहीं. तात्पर्य, निरोप हरवण्याची शंका असेल तेथें खात्रीचें एकमत अशक्य आहे.

तेव्हां खात्री सोडावी लागते. पण खात्री गेली म्हणून सर्वच गेलें असें नाहीं. हल्ला हा एकाच घावाचा सौदा आहे. वांटणीचें तसें नाहीं. तेथें आज थोडें चुकलें तर उद्यां थोडें सुधारतां येतें. पुढील सर्व उपाय या भेदावर उभारलेले आहेत.

प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन यांनीं विद्यापीठांतील मायकेल कॅरल्स यांच्या साहाय्यानें बर्कलीच्या आजाराचा छडा लावला आणि १९८८ मध्यें त्यावरील उपचार प्रसिद्ध केला. त्याचें सूत्र असें: वेग बसल्यावर, जाळ्यांतून एक पाकीट बाहेर पडल्यावांचून नवें आंत घालूं नये. पाकीट बाहेर पडल्याची खूण म्हणजे त्याची पोंच. आरंभ अगदीं थोड्या पाकिटांनीं करावा आणि जाळ्याचा अंदाज घेत वाढवीत जावें. त्यानंतर, पोंचा सुरळीत येत आहेत तोंवर एका वेळीं वाटेंत असूं द्यावयाच्या पाकिटांची मर्यादा दर फेरीला फक्त एकानें वाढवावी. आणि एखादें पाकीट हरवल्याचें दिसतांच ती एकदम निम्म्यावर आणावी. पोंचेची वाट किती वेळ पाहावी हेंही, मागच्या पोंचांच्या वेळांत किती चढउतार झाला तें पाहून ठरवावें. यांत कोणाला विचारावयाचें नाहीं कीं कोणाला कळवावयाचें नाहीं. पूर्वीं हरवलेल्या पाकिटाचा अर्थ "पुन्हां पाठव" एवढाच होता. आतां तो "पुन्हां पाठव, पण जरा दमानें" असा झाला. न पोंचलेला निरोप हाच एक निरोप ठरला.

वाढ एकेकानें आणि घट निम्म्यानें, असें कां? याचें मर्म दा-मिंग चिउ आणि राज जैन यांनीं १९८९ मध्यें उकलून दाखविलें. एका तारेवर दर फेरीस १०० पाकिटें मावतात आणि तिचा उपयोग दोघे करितात. एकजण ८० पाठवितो, दुसरा २०. तार भरली, दोघांचींही पाकिटें पडलीं, दोघे निम्म्यावर आले: ४० आणि १०. त्यांच्यांतील अंतर ६० होतें तें ३० झालें. मग दोघेही एकेक पाऊल वाढत २५ फेऱ्यांनीं पुन्हां तार भरतात: ६५ आणि ३५. पुन्हां निम्मे, पुन्हां वाढ: साडेसत्तावन्न आणि साडेबेचाळीस. वाढतांना अंतर तसेंच राहतें, घटतांना निम्मे होतें: ६०, ३०, १५, साडेसात. कोणीं न्यायनिवाडा केला नाहीं, एकाला दुसऱ्याचें अस्तित्वही ठाऊक नाहीं, तरी दोघे समान वांट्याकडे सरकत जातात. याउलट घट करतांना दोघांनीं ठराविक दहा-दहा कमी केलीं असतीं, तर साठांचें अंतर कायम साठच राहिलें असतें.

येथपर्यंत हा कुशल कारागिराचा शहाणपणा होता. त्यामागचें गणित केंब्रिज विद्यापीठांतील फ्रँक केली यांनीं सहकाऱ्यांसह १९९८ मध्यें मांडलें. प्रत्येक ग्राहकाला मिळणाऱ्या वेगापासून कांहीं समाधान होतें. पहिल्या घासाचें समाधान मोठें, पोट भरत आलें म्हणजे पुढच्या घासाचें कमी. सर्वांच्या समाधानाची बेरीज जास्तींत जास्त व्हावी, आणि कोणत्याही तारेवर तिच्या शक्तीबाहेर ओझें पडूं नये, अशी वांटणी कोणती? याचें उत्तर भाजीबाजारांत रोज पाहावयास मिळतें त्यासारखेंच आहे. प्रत्येक नाक्यानें आपल्या जागेचा एक भाव ठेवावा. मागणी जागेहून जास्त झाली कीं भाव चढवावा, कमी झाली कीं उतरवावा. ग्राहकानें आपल्या वाटेवरील नाक्यांच्या भावांची बेरीज तेवढी पाहावी आणि त्याप्रमाणें आपली मागणी ठरवावी. नाक्याला ग्राहकांचीं नांवें कळण्याचें कारण नाहीं. ग्राहकाला इतर ग्राहक किती हें कळण्याचें कारण नाहीं. तरीही भाव जेथें स्थिरावतात तेथें सर्वांच्या समाधानाची बेरीज सर्वांत मोठी असते. या भावाला छायामूल्य म्हणतात.

एक उदाहरण घेतल्यानें हें स्पष्ट होईल. एकामागून एक अशीं दोन नाकीं आहेत. प्रत्येकाची शक्ति सेकंदास ६० पाकिटें. एक ग्राहक फक्त पहिलें नाकें ओलांडतो, दुसरा फक्त दुसरें. तिसऱ्याला दूर जावयाचें असल्यामुळें दोन्ही ओलांडावीं लागतात. प्रत्येकजण सेकंदाला एक रुपया खर्च करण्यास तयार आहे. भाव पाकिटास दोन पैसे ठेवला, तर जवळचा ग्राहक ५० पाकिटें मागतो. दूरच्याला दोन्ही नाक्यांवर मिळून चार पैसे पडतात, म्हणून तो २५ मागतो. बेरीज ७५, शक्तीहून जास्त. भाव चढला पाहिजे. तो चार पैसे केला तर २५ आणि साडेबारा मिळून साडेसदतीस. जागा रिकामी राहते. भाव उतरला पाहिजे. अडीच पैशांवर जवळच्याला ४० व दूरच्याला २० मिळून बरोबर ६० होतात आणि बाजार स्थिरावतो. ही वांटणी नीट पाहण्यासारखी आहे. एकूण पाकिटें जास्तींत जास्त नेणें एवढाच हेतु असता, तर दूरच्याला मुळींच कांहीं न देतां जवळच्यांना साठ-साठ देऊन १२० नेतां आलीं असतीं. सर्वांना समान द्यावयाचें म्हटलें तर प्रत्येकी ३०, म्हणजे एकूण ९०. भावाच्या रीतीनें ४०, ४० आणि २० मिळून १०० होतात. दूरचा उपाशी राहत नाहीं आणि जाळ्याची शक्तिही फारशी वायां जात नाहीं. उत्तम म्हणजे काय हें माणसानें आधीं ठरवावें लागतें. तें गांठण्याची वाट गणित मग दाखवितें.

खऱ्या इंटरनेटवर नाक्यानाक्यास पैसे कोणी मोजीत नाहीं. तेथें गळणारें पाकीट आणि रांगेंत जाणारा वेळ हाच भाव होय. गर्दी वाढली कीं गळती वाढते, म्हणजे भाव चढतो. आणि जेकबसन यांची रीत पाळणारे संगणक तो भाव पाहून आपापली मागणी उतरवितात. बर्कलीला ज्यांनीं कोसळतें जाळें सावरलें, त्यांनीं इष्टतमीकरणाचें एक प्रचंड यंत्रच चालू करून दिलें होतें. तें कोणतें गणित सोडवीत आहे हें दहा वर्षांनंतर उमगलें. अर्थात् प्रत्यक्ष वांटणी वरील आदर्शाशीं तंतोतंत जुळत नाहीं. ज्याची फेरी लांबची, त्याला पोंचा उशिरां मिळतात, त्याची वाढ सावकाश होते आणि वांटा कमी पडतो.

आतां एक शंका उरते. ग्राहकाला जो भाव कळतो तो नेहमींच थोडा शिळा असतो. शिळ्या माहितीवर चालून योग्य ठिकाणीं कसें पोंचावें? न्हाणीघरांतला नळ दूरच्या गरम पाण्याच्या टाकीला जोडलेला असला म्हणजे असाच पेंच पडतो. नळ फिरविल्यावर फरक जाणवावयास अर्धें मिनिट लागतें. अधीर माणूस पाणी गार लागलें कीं नळ पुरा सोडतो. मग चटका बसतो. मग तो पुरा बंद करितो, आणि स्नान संपेपर्यंत हेंच चालतें. सावध माणूस थोडासा फिरवितो, थांबतो, पाहतो. ज्या १९८६ सालीं बर्कलीचा संवाद खुंटला, त्याच सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेंतील जॉन त्सित्सिक्लिस, दिमित्री बर्त्सेकस आणि मायकेल अथान्स यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अनेक संगणक आपापल्या गतीनें, एकमेकांच्या जुन्या उत्तरांवर विसंबून काम करीत असले, तरी विलंबाला कांहीं मर्यादा असेल आणि प्रत्येकाचें पाऊल पुरेसें लहान असेल, तर ते इष्ट उत्तराकडे जातात, असें त्यांत गणितानें सिद्ध केलें होतें. विलंब जितका मोठा तितकें पाऊल लहान, हा त्यांतील व्यवहारी धडा.

परंतु सगळीच हानि धीरानें भरून येत नाहीं. कांहीं रीतींत शेजारी-शेजारी यंत्रें आपल्याजवळील आंकड्याचा भाग एकमेकांस देत देत सर्वांची सरासरी काढतात. दहापैकीं पांच दिले आणि तो निरोप वाटेंत हरवला, तर ते पांच हिशेबांतून कायमचे गेले. पुढें कितीही वेळ थांबलें तरी सरासरी चुकीचीच येणार. यावरील तोड वाण्याच्या वहींतल्यासारखी आहे. "आज पांच दिले" असें न कळवितां "आजवर एकूण इतके दिले" असें कळवावें. मग मधल्या चार चिठ्या गहाळ झाल्या तरी पांचवी पोंचतांच सर्व हिशेब भरून निघतो. घेणारानें आपल्याकडे आधीं जमा झालेली रक्कम तींतून वजा केली म्हणजे झालें. निरोप हरवूं नये अशी व्यवस्था करण्यापेक्षां, हरवला तरी अडूं नये असा निरोप लिहिणें सोपें असतें.

या पद्धतीला उणीवाही आहेत. बिनतारी संदेशांत पाकीट नुसत्या भिंतीमुळें किंवा दुसऱ्या यंत्राच्या गोंगाटामुळेंही नष्ट होतें. तेथें गर्दी नसतांही पाठविणारा विनाकारण हात आंखडतो. म्हणून पाकीट टाकण्याऐवजीं त्यावर गर्दीची खूण करून पुढें जाऊं द्यावें, अशी सोय २००१ मध्यें ठरविण्यांत आली. उलट, यंत्रांतील स्मरणशक्ति स्वस्त झाल्यावर पुष्कळ घरगुती राउटरांत लांबच लांब रांगांची सोय झाली. पाकिटें गळेनाशीं झालीं, पण तीं ताटकळत पडूं लागलीं. गळती टाळण्याच्या हौसेनें गर्दीची खूणच पुसून टाकली. २०१६ मध्यें स्वतः जेकबसन यांचा समावेश असलेल्या एका मंडळानें गळतीवर विसंबण्याऐवजीं वेग व फेरीचा वेळ मोजून चालणारी नवी रीत पुढें मांडली. आणि सर्वांत मोठी उणीव अशी कीं, पाकीट हरवल्यावर निम्म्यावर न येणाऱ्या संगणकाला शिक्षा करणारा शिपाई वाटेंत नाहीं. इतर जितके संयम पाळतील तितका त्याचा फायदा अधिक. मात्र सर्वांनींच तो धरला तर १९८६ चा ऑक्टोबर पुन्हां येईल.

मार्च २०२० मध्यें भारतांत टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हां शाळा, कचेऱ्या आणि आप्तेष्टांच्या भेटीगांठी एकाएकीं घरांतील पडद्यावर आल्या. जाळ्यावरील ओझें वाढलें. चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्यांनीं कांहीं काळ चित्राचा दर्जाही उतरविला. संवाद ठिकठिकाणीं मंदावला, अडखळला. पण बर्कलीप्रमाणें सारें कोसळलें नाहीं. त्या दिवसांत कोट्यवधि यंत्रें, एकमेकांस न ओळखतां, क्षणोक्षणीं मागें सरत होतीं आणि एकेक पाऊल पुढें येत होतीं.

संध्याकाळीं घरांत सर्वजण पडद्यासमोर बसलेले असतांना कधीं चित्र क्षणभर धूसर होतें आणि लगेच स्वच्छ होतें. पुष्कळदां त्या क्षणीं दूरच्या कोठल्याशा नाक्यावर एक पाकीट पडलेलें असतें. त्याची खबर कोणीं दिलेली नसते. तरी ती ज्याला मिळावयाची त्याला मिळालेली असते.